जाणते स्वप्न आणि मोडलेली झोप

अंबाजोगाईच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात झोपेविषयी बोलायला आम्ही गेलो होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी बारावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, स्वप्न चालू असताना 'हे स्वप्न आहे' असे कळायला पहाटे तीनचा गजर लावून उठावे लागते, हे खरे का?" तो स्वतः तीन आठवडे असा उठत होता. हवे तसे स्वप्न एकदाही पडले नव्हते. पहिल्या तासाला डुलक्या मात्र येऊ लागल्या होत्या. त्या दिवशी घाईत आम्ही त्याला अर्धवट उत्तर दिले. ते पुरे करण्यासाठी हा लेख.

झोपलेल्या माणसाला स्वप्नातच आपण स्वप्नात असल्याचे भान येते, त्याला इंग्रजीत ल्युसिड ड्रीम म्हणतात. आपण त्याला 'जाणते स्वप्न' म्हणू. असे स्वप्न आयुष्यात एकदा तरी पडल्याचे निम्म्याहून अधिक माणसे सांगतात. पण सांगणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. झोपलेला माणूस साक्ष कशी देणार? स्वप्ने प्रामुख्याने ज्या झोपेत पडतात त्या 'रेम' झोपेत हातापायांचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैलावलेले असतात, डोळे मात्र पापण्यांआड हलत राहतात. हीच फट कीथ हर्न यांनी इंग्लंडमधील हल विद्यापीठात १९७५ साली वापरली. ॲलन वर्सली यांना त्यांनी सांगून ठेवले होते की स्वप्नात भान आले की डोळे ठरावीक वेळा डावीकडे-उजवीकडे फिरवा. यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली, आणि त्याच क्षणी मेंदूचा आलेख रेम झोपच दाखवत होता. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच केले. २०२१ साली तर चार देशांतील प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना सोपी गणिते घातली. '८ वजा ६ किती?' याला एका झोपलेल्या माणसाने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिले.

आपल्याकडे जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांचा विचार जुना आहे. मांडूक्य उपनिषदाची मांडणीच या अवस्थांवर उभी आहे. त्याच अद्वैत परंपरेतला 'विवेकसिंधू' लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईजवळ दाखवली जाते. मात्र म्हणून आधुनिक संशोधन त्यात आधीच होते असे म्हणणे बरोबर नाही. त्यांचा प्रश्न जागेपणीचे जग किती खरे हा होता. आपला प्रश्न पहाटेच्या गजराचा आहे.

आता हिशेब करू. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांनी चालते. पहिल्या आवर्तनांत गाढ झोप अधिक असते, रेमचा वाटा काही मिनिटांचा. रात्र सरत जाते तसा हा वाटा वाढतो आणि पहाटेच्या आवर्तनांत तो अर्ध्या तासाच्या घरात जातो. आठ तासांतले शेवटचे दोन तास कापले तर झोप एक चतुर्थांश कमी होते, पण रेम झोप त्याहून बरीच जास्त जाते. म्हणजे लवकर उठून आपण नेमके तेच शेत कापतो ज्यात हे पीक यायचे असते.

त्या मुलाचा दिनक्रम असा होता: साडेअकराला झोपणे, तीनला गजर, अर्धा तास बसून राहणे, मग झोप लागेपर्यंत साडेचार आणि शिकवणीसाठी सहाला पुन्हा उठणे. एकूण झोप पाच तास. या वयाला आठ ते दहा तास लागतात. शिवाय तीनला त्याची साडेतीनच तास झोप झालेली असे. 'उठून पुन्हा झोपण्याच्या' या पद्धतीत साधारण पाच तास झोप झाल्यावर उठायचे असते, कारण रेमचा भरीव भाग त्यानंतर येतो. पद्धत खोटी नव्हती. त्याच्या रात्रीत ती बसत नव्हती.

लाबर्ज यांची दुसरी पद्धत स्मरणाची आहे. मधे जाग आली की नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे, आणि 'पुढचे स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल' असे मनाशी घोळवत झोपी जायचे. तिसरी दिवसाची आहे. अधूनमधून 'मी आत्ता जागा आहे ना?' असे खरोखर विचारून पडताळा घ्यायचा, उदाहरणार्थ पाटीवरची ओळ दोनदा वाचून. स्वप्नात ती बहुधा बदलते. ऑस्ट्रेलियात डेनहॉम ॲस्पी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या तिन्ही एकत्र करणाऱ्यांचे आठवडाभरातील यश सुमारे १७ टक्के होते. स्मरणाची उजळणी संपल्यावर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली, त्यांचे मात्र जवळजवळ ४६ टक्के. चटकन झोप लागणे हेच यशाचे कारण, असे यावरून सिद्ध होत नाही. तरी ताटकळत जागणे हा यातला पराक्रम नव्हे, एवढे नक्की दिसते.

तेव्हा ज्याला प्रयत्न करायचाच आहे त्याने गजराला हात लावू नये. आपण सर्वच जण रात्रीत अनेकदा क्षणभर जागे होतो आणि ते विसरतो. कुत्रे भुंकले, लघवीला उठावे लागले, तर तीच संधी: दिवा न लावता, डोळे मिटून स्वप्न आठवावे, ते वाक्य घोळवावे आणि झोपावे. वही सकाळी लिहावी. प्रयोग सुट्टीच्या आदल्या रात्री करावा, आणि उठण्याची वेळ तीच ठेवायची तर झोपायला तासभर आधी जावे. दिवसा पेंग येऊ लागली की प्रयोग थांबवावा. ज्यांना भास होण्याचा त्रास आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये.

आणखी एक गोष्ट शिक्षकांना ठाऊक हवी. अपुऱ्या आणि वेळी-अवेळीच्या झोपेत कधी कधी मन जागे होते, पण रेमचा स्नायूंवरचा लगाम सुटलेला नसतो. हलता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते, खोलीत कुणी असल्याचा भास होतो. आपल्या खेड्यांत याला 'मुंजा बसला' म्हणतात आणि पोराला देवऋषाकडे नेतात. खरे तर ते काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, आपोआप सुटते. मुलगा असे सांगू लागला तर त्याला हसू नये. आधी तो किती तास झोपतो ते विचारावे.

बीड जिल्ह्यात हे विचारणे सोपे नाही. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. फडावर दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो आणि कोपीत कोणी उठले की मुलेही उठतात. जी गावी राहतात त्यांतली काही रात्रीची वीज आली की विहिरीवर दारे धरायला जातात. त्यांना स्वप्नांच्या युक्त्या सांगण्याआधी वर्गात एक डुलकी माफ करावी, असे आम्हाला वाटते.

पण त्यांच्याकडे आपल्याला शिकवण्याजोगे काही असेल. दारे धरून मुलगा चारला परततो आणि दोन तास झोपतो. पहाटेच्या या झोपेत रेम किती असते हे तो त्याआधी किती झोपला यावरही अवलंबून असते; रात्रभर जागरण झाले असेल तर आधी गाढ झोपच भरून निघते. त्या झोपेतली स्वप्ने एरवीपेक्षा जास्त आठवतात का, जास्त ठसठशीत असतात का, हे वर्गात विचारून पाहावे. महिनाभर वहीत दोन रकाने पुरतील: किती तास झोपलो, आणि स्वप्न आठवले की नाही.