मनगटी घड्याळाची निगा

पूर्वी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात लग्नात नवरदेवाला सायकल, रेडिओ व मनगटी घड्याळ देण्याची पद्धत होती. सायकली गंजल्या, रेडिओ मुके झाले. पण चावीचे एच.एम.टी. घड्याळ अजून कित्येक घरांच्या पेटीत सापडते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे या सरकारी कंपनीची घड्याळे तयार होऊ लागली. २०१६ साली केंद्र सरकारने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आता एखादा भाग मोडला तर तो बहुधा दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावा लागतो. म्हणूनच आहे ते घड्याळ जपणे अगत्याचे आहे.

या घड्याळात बॅटरी नसते. चावी दिली की आतील स्प्रिंग गुंडाळली जाते व ती हळूहळू उलगडताना चक्रे फिरतात. 'जनता' या लोकप्रिय घड्याळाचे तोलचक्र सेकंदाला ५ ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००! इतक्या घर्षणाने झीज होऊ नये म्हणून त्यात १७ कृत्रिम माणकांचे खडे व तेलाचे सूक्ष्म थेंब असतात.

चावी रोज ठराविक वेळी, शक्यतो सकाळी, घड्याळ हातातून काढून द्यावी. हाताला अडल्यासारखे लागताच थांबावे. पुढे जोर करू नये. विहिरीवर, नदीवर जाताना घड्याळ घरी ठेवावे. काचेआड वाफ दिसली तर चुलीजवळ न धरता त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे, नाहीतर आत गंज धरतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बारीक तंतू व धूळ चावीच्या फटीत शिरते. संध्याकाळी कोरड्या, मऊ फडक्याने पुसावे. उन्हाळ्यात घामाने पट्टा कुजतो, तोही पुसावा. घड्याळ एकाएकी फार पुढे जाऊ लागले तर लोहचुंबकाचा संशय घ्यावा. रेडिओच्या कर्ण्याजवळ ते ठेवू नये.

आत खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल कधीही सोडू नये. दर चार-पाच वर्षांनी घड्याळ उघडून, धुऊन, घड्याळाचेच तेल घालून घ्यावे.

पेटीतले बंद घड्याळ भंगारात देण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावे. पुष्कळदा त्यात काहीच मोडलेले नसते; केवळ तेल सुकलेले असते.