चालकावांचून चालणारी मोटार

घरची वाट ठाऊक असलेले बैल गाडीवान निजला तरी गाडी बिनचूक दारांत आणून उभी करीत. मोटार आली, वेग वाढला, परंतु ही सोय गेली. कारण बैलांना डोळे होते व वाटेची जाणही होती, मोटारीला दोन्हींपैकीं एकही नव्हतें. ही उणीव भरून काढण्याचा उद्योग गेलीं सुमारें चाळीस वर्षें चालला आहे.

यांपैकीं डोळे देणें तुलनेनें सोपें. कॅमेरा रस्त्याचीं चित्रें घेतो. रडार बिनतारी लहरी सोडून समोरच्या वस्तूचें अंतर व वेग सांगतें. लायडर नांवाचें यंत्र प्रकाशाचे सूक्ष्म झोत फेंकतें आणि ते परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर मापतें. परंतु पाहणें आणि समजणें यांत महदंतर आहे. तांबडा दिवा दिसतांच थांबावें, हा नियम यंत्राला घालून देतां येतो. पण झाडाची सावली कोणती आणि खड्डा कोणता, हें कितीही नियम लिहिले तरी पुरतें सांगतां येत नाहीं. आईबाप मुलाला गाईची व्याख्या शिकवीत नाहींत, गाय दाखवितात. यंत्रालाही तसेंच शिकवावें, ही येथील कृत्रिम बुद्धीची मूळ कल्पना होय.

अमेरिकेंतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांत डीन पॉमरलो यांनीं १९८९ सालीं ‘ॲल्विन’ नांवाची अशी योजना प्रसिद्ध केली. तिचें पहिलें शिक्षण संगणकानें रचलेल्या चित्रांवर झालें. पुढें खरा माणूस रस्त्यावर गाडी चालवूं लागला. कॅमेऱ्याचें चित्र ३० ओळी व ३२ स्तंभ एवढ्याच चौकटींत उतरवून यंत्राला दिलें जाई. तें पाहून चक्र किती वळवावें याचा यंत्र अंदाज करी, तो माणसाच्या कृतीशीं ताडून पाही, आणि चुकीच्या मानानें आपल्या हिशेबांतील आंकडे बदली. पुढें पुढें तर पांच मिनिटांच्या आंत तें नवा रस्ता शिकूं लागलें.

येथें एक विलक्षण अडचण उभी राहिली. चालक कुशल असल्यामुळें गाडी सदैव योग्य वाटेवरच राही. भरकटलेली गाडी वाटेवर कशी आणावी, हें शिष्याला कधीं दिसलेंच नाहीं. गुरु निर्दोष असणें हेंच शिक्षणांतील वैगुण्य ठरलें! तेव्हां पॉमरलो यांनीं प्रत्येक चित्र गणितानें डावीउजवीकडे सरकवून, गाडी जणूं घसरली आहे असे देखावे तयार केले आणि प्रत्येकाला योग्य वळण जोडून दिलें. न घडलेल्या चुकाही यंत्राला दाखवाव्या लागल्या.

या धड्याचें महत्त्व पुढें एका दुःखद प्रसंगानें पटलें. १८ मार्च २०१८ रोजीं रात्रीं ॲरिझोना संस्थानांतील टेंपी शहरांत एक स्त्री सायकल हातीं धरून रस्ता ओलांडीत होती. चांचणीवरील एका स्वयंचलित मोटारीच्या यंत्रानें तिला धडकेपूर्वीं ५.६ सेकंद हेरलें होतें. परंतु तें तिला कधीं वाहन समजे, कधीं सायकल, कधीं नुसती अनोळखी वस्तु, आणि समजूत बदलतांच तिच्या आधींच्या हालचालीचा हिशेब सोडून देई. पादचारी ठराविक जागा सोडूनही रस्ता ओलांडतो, ही गोष्ट योजनेंत धरलेलीच नव्हती, असें राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशींत दिसून आलें. देखरेखीसाठीं गाडींत बसलेली व्यक्ति आपल्या फोनकडे पाहत होती. त्या स्त्रीचा अंत झाला.

तरीही ही विद्या थांबली नाहीं. २०२० सालीं ॲरिझोनांतीलच फीनिक्स भागांत चालकावांचून धांवणाऱ्या भाड्याच्या मोटारी सर्व लोकांसाठीं खुल्या झाल्या. अशा मोटारींच्या शिक्षणांत खऱ्या रस्त्यांबरोबर संगणकांतील काल्पनिक रस्त्यांचाही मोठा वांटा असतो. अचानक धांवत आलेलें मूल, उलट दिशेनें येणारें वाहन, असे प्रसंग तेथें कोणासही इजा न होतां पुनःपुन्हां घडवितां येतात. पॉमरलो यांच्या सरकविलेल्या चित्रांचाच हा विस्तार होय.

म्हणून अशी मोटार किती मैल बिनधोक चालली, एवढेंच पाहून भागत नाहीं. रस्त्यावर काय काय घडूं शकतें, याचा विचार तिला शिकविणाऱ्या माणसांनीं कितपत केला होता, हेंही पाहावें लागतें.