पादऱ्यातला हमिंगबर्ड आणि पक्ष्यांच्या खाण्याच्या थापा

हमिंगबर्ड भारतात नाही. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्याच्या सुमारे ३६० जाती आहेत. अमेरिकेबाहेर आज तो जगात कुठेही मोकळ्या रानात राहत नाही. तरीही जास्वंदीवर हमिंगबर्ड येतो, असे छातीठोकपणे सांगणारी माणसे पुण्यात भेटतात, बडोद्यात भेटतात आणि बडोद्याहून जंबुसरकडे जाताना लागणाऱ्या पादरा गावातही भेटतात. त्यांना दिसलेला पक्षी खराच असतो, फक्त तो हमिंगबर्ड नसतो. पक्ष्यांविषयीच्या बहुतेक थापा अशाच जन्मतात. पाहिलेले खरे असते, लावलेला अर्थ खोटा असतो.

पादऱ्याच्या फुलझाडांवर दिसतो तो जांभळा शिंजीर. तिथले गुजराती लोक त्याला शक्करखोरो म्हणतात. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, चोच बाकदार आणि टोकदार. विणीच्या हंगामात नर लांबून काळा दिसतो. ऊन पडले की तोच निळा-जांभळा चमकतो. हंगाम सरला की ही झळाळी जाते आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा तेवढा उरतो. मादी वरून तपकिरी-हिरवट आणि खालून फिकट पिवळी असते. शिंजीर फुलासमोर क्षणभर फडफडत थांबू शकतो, पण मकरंद पिताना तो सहसा फांदीवर किंवा देठावर बसतो. फूल खोल असेल, तर बुडाशी भोक पाडून परागकणांना न शिवताच रस काढून घेतो. हमिंगबर्डच्या खांद्याचा सांधा मात्र असा फिरतो की पंख पुढे जातानाही उचल देतो आणि मागे येतानाही. म्हणून तो हवेत एका जागी थांबतो, इतकेच नव्हे तर उलटाही उडतो.

या दोन पक्ष्यांचे जवळचे नाते नाही. फुलातला रस हे सारखेच अन्न दोघांनी धरले आणि लांब चोच, छोटा देह, चमकदार पिसे हे साम्य वेगवेगळ्या खंडांत स्वतंत्रपणे घडले. हमिंगबर्डचे प्राचीन नातलग मात्र एके काळी अमेरिकेबाहेरही होते. दक्षिण जर्मनीत सापडलेले सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म गेराल्ड मायर यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. ते हमिंगबर्डसारख्याच लांब चोचीच्या आणि घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याचे होते.

दुसरा तोतया म्हणजे हॉक मॉथ हा पतंग. संध्याकाळच्या सुमारास तो फुलासमोर गुणगुणत थांबतो आणि लांब सोंड आत घालतो. भलेभले त्याला फसले आहेत. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने अॅमेझॉनच्या खोऱ्यात ११ वर्षे काढली. हमिंगबर्ड समजून आपण अनेकदा पतंगावरच गोळी झाडली, असे त्याने १८६३ सालच्या पुस्तकात लिहून ठेवले. तिथल्या लोकांची तर खात्रीच होती की हा पतंगच पुढे पक्षी होतो. सुरवंटाचे फुलपाखरू होताना रोज पाहणाऱ्यांना त्यात अशक्य असे काही वाटले नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. पतंगाला डोक्यावर दोन मिशा असतात आणि त्याची सोंड वापरून झाली की गुंडाळली जाते. चोच कधी गुंडाळली जात नाही.

खुद्द अमेरिकेतही हमिंगबर्डच्या थापांना तोटा नाही. तो हंसबदकांच्या पाठीवर बसून स्थलांतर करतो, ही तिथली जुनी लोकप्रिय कथा. खरी हकीकत त्याहून अचाट आहे. लाल गळ्याचा हमिंगबर्ड एरवी ३ ग्रॅमच्या आसपास भरतो. प्रवासाआधी तो खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे ८०० किलोमीटर न थांबता उडत जातो. दुसरी कथा सोळाव्या शतकातल्या मेक्सिकोची. हा पक्षी हिवाळ्यात चोच झाडात खुपसून मेल्यासारखा लटकतो आणि ऊन तापले की पुन्हा जिवंत होतो, अशी समजूत बर्नार्दिनो दे साहागुन या धर्मोपदेशकाच्या ग्रंथात नोंदलेली आहे. झाडात खुपसलेली चोच ही पदरची भर. पण मेल्यासारखे होणे खरे. थंड रात्री इंधन वाचवण्यासाठी हमिंगबर्ड शरीराचे तापमान उतरवतो आणि हृदयाचे ठोके अगदी मंद करतो. पेरूमधल्या अँडीज पर्वतात एका जातीचे तापमान ३.३ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याची नोंद २०२० साली प्रसिद्ध झाली.

खाण्याच्या बाबतीतही तसेच. हमिंगबर्ड नुसत्या मकरंदावर जगतो, ही समजूत चुकीची आहे. साखरेतून उडण्याची ताकद मिळते, पण प्रथिनांसाठी त्याला चिलटे, माश्या आणि कोळी लागतात. विणीच्या काळात माद्या विझलेल्या शेकोटीची राख आणि वाळू चाटतात, अशाही नोंदी आहेत. अंड्याच्या कवचाला लागणारे कॅल्शियम त्यातून मिळत असावे. उलट बाजूने, मँटिस नावाचा कीटक हमिंगबर्डलाच पकडून खातो. मँटिसांनी लहान पक्षी पकडल्याच्या १३ देशांतल्या १४७ घटना २०१७ सालच्या एका अभ्यासात एकत्र केलेल्या आहेत. किड्याने पक्षी खाल्ला ही लोणकढी थाप वाटते, पण ती खरी आहे.

आपल्याकडच्या कथांनाही हाच न्याय लागतो. चातक फक्त पावसाचे थेंब झेलून पितो म्हणतात. तो पावसाच्या तोंडावर येतो, एवढे खरे; मात्र तो आवडीने खातो ते केसाळ सुरवंट, ज्यांना बहुतेक पक्षी चोचही लावत नाहीत. चकोर चांदण्यावर जगतो म्हणतात. प्रत्यक्षात तो बिया, कोंब आणि किडे टिपतो. मोराचे अश्रू पिऊन लांडोर अंडी घालते, ही तर पुन्हा पुन्हा डोके वर काढणारी थाप. मोर-लांडोरीचे मीलन इतर पक्ष्यांसारखेच होते. शहामृग लोखंड पचवतो, या कथेच्या मुळाशी त्याची खडे गिळण्याची सवय आहे. दात नसल्याने अन्न दळण्याचे काम पोटातले हे खडे करतात. धातू मात्र पचत नाही.

पादऱ्याच्या शिंजीरालाही असले एक विचित्र सामान लागते, पण ते खाण्यासाठी नव्हे. त्याची मादी कोळ्याच्या जाळ्याने गवत आणि साली बांधून लटकते, थैलीसारखे घरटे विणते, दारावर छोटी पडवी काढते आणि बाहेरून सुरवंटांची विष्ठा व सालीचे तुकडे चिकटवते. त्यामुळे घरटे फांदीला अडकलेल्या कचऱ्यासारखे दिसते आणि सहज नजरेत भरत नाही. पिल्लांना ही जोडी मुख्यतः किडे आणि कोळी भरवते. म्हणूनच बागेत कीटकनाशकाची फवारणी वाढली, तर फुले कितीही असली तरी शिंजीराची वीण अडते.