घरगुती गमी खाऊ : साखर, थिजवणारे घटक आणि बालकांचे आरोग्य

प्रस्तावना

किराणा दुकानातील पारदर्शक बरण्या, वाढदिवसाच्या भेटपिशव्या आणि अलीकडे औषधांची दुकाने अशा सर्व ठिकाणी ‘गमी’ या नावाने मिळणाऱ्या मऊ, चिवट व रंगीत गोळ्यांनी बालकांच्या खाऊत स्थान मिळविले आहे. ‘गुमी’ या जर्मन शब्दाचा अर्थ रबर. जर्मनीतील बॉन शहरात १९२० मध्ये हान्स रीगेल यांनी हारिबो ही कंपनी स्थापन केली आणि १९२२ मध्ये नाचणाऱ्या अस्वलाच्या आकाराची गोळी बाजारात आणली. आजच्या गमीची वंशावळ तेथपर्यंत मागे जाते.

बाजारातील गमीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर असते आणि बहुधा कृत्रिम रंगही असतात. त्यामुळे हा खाऊ घरीच करावा, असा विचार अनेक पालक करू लागले आहेत. विचार योग्य आहे. तथापि ‘घरी केले म्हणजे पौष्टिक झाले’ हे समीकरण जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. गमीतील साखर कमी केली की तिच्याबरोबर पदार्थाचा टिकाऊपणा आणि चिवटपणाही जातो. साखरेची ही कामे दुसऱ्या कशाकडून करून घ्यावयाची आणि कोणती सोडून द्यावयाची, याचा निर्णय घेतल्याखेरीज घरगुती गमी एक तर फसते, नाही तर बाजारातील गमीइतकीच गोड होते. प्रस्तुत लेखात या निर्णयामागील अन्नशास्त्राचे, पेरूच्या गमीचे उदाहरण घेऊन, विवेचन केले आहे.

साखरेची कामे

साखर पदार्थ कसा टिकविते, हे मराठी स्वयंपाकघराला नव्याने सांगावयास नको. मोरावळा वर्षभर टिकतो. त्याच आवळ्याची चटणी दोन दिवसांत आंबते. साखर पाण्याचे रेणू धरून ठेवते आणि सूक्ष्मजीवांना वाढीसाठी लागणारे मोकळे पाणी शिल्लक राहत नाही. अन्नशास्त्रात हे मोकळे पाणी ‘जलक्रियाशीलता’ या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ मानली जाते. ती ०.९ च्या खाली गेली की बहुतेक जिवाणूंची आणि ०.८ च्या खाली गेली की बहुतेक बुरशींची वाढ थांबते. कारखान्यात साखर व ग्लुकोज सिरप यांचा दाट पाक मक्याच्या पिठात उमटविलेल्या साच्यांत ओततात, उबदार खोलीत एक-दोन दिवस वाळवितात आणि वरून तेलाचा वा मेणाचा पातळ थर देतात. अशी गोळी महिनोन्महिने खराब होत नाही. घरी फळांच्या गरापासून केलेल्या, कमी साखरेच्या गमीची जलक्रियाशीलता मात्र ताज्या फळाच्या जवळपास असते. ती शीतकपाटात ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी, हे ओघाने आले. अशी गमी बाहेर ठेवूनही आठवडाभर टिकत असेल, तर तीत साखर किती पडली आहे हे एकदा मोजून पाहावे.

साखरेचे दुसरे काम घडणीचे आहे. गमीचा चिवटपणा बराचसा दाट पाकातून येतो. साखर वगळून केलेला पदार्थ दाताखाली ताणला जात नाही, तुटतो. त्याला गमी म्हणण्यापेक्षा फळांची थिजविलेली वडी म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. मुलांना आधीच तसे सांगितले, तर बाजारातील गोळीशी तुलना होऊन निराशा होत नाही.

साखरेला गूळ किंवा मध हा पर्याय सर्रास सुचविला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदार्थात घातलेली साखर, तसेच मध, पाक व फळांचे रस यांतील साखर ही सर्व ‘मुक्त साखर’ होय. तिच्यातून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत राहावी, असे या सूचना सांगतात. दिवसाला सुमारे १३०० किलोकॅलरी लागणाऱ्या बालकासाठी हे प्रमाण अनुक्रमे ३२ व १६ ग्रॅमच्या आसपास येते. गुळाचा रंग व स्वाद वेगळा असला, तरी या हिशेबात त्याला सवलत नाही.

थिजवणारे घटक

जिलेटिन, अगार आणि पेक्टिन हे तीन घटक घरगुती वापरासाठी उपलब्ध आहेत. तिन्ही द्रवाला थिजवितात. पण त्यांचे स्वभाव एकमेकांपासून फार भिन्न आहेत.

जिलेटिन हे जनावरांच्या कातडीतील व हाडांतील कोलॅजेनपासून मिळते. त्यामुळे जिलेटिनयुक्त पदार्थावर भारतात मांसाहारी पदार्थाची तपकिरी खूण असते आणि अनेक मराठी घरांत त्याचा प्रश्न तेथेच संपतो. इतरांसाठी त्याचे वैशिष्ट्य असे, की ते साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते. शरीराचे तापमान त्याहून अधिक असल्याने जिलेटिनची गोळी तोंडात विरघळते. गमीची सारी मौज यातच आहे. अडचणही यातच आहे. चैत्र-वैशाखात विदर्भातील तापमान ४० अंशांपलीकडे जाते, तेव्हा कमी साखरेची जिलेटिनची गमी शाळेच्या डब्यातच पातळ होते.

जिलेटिनच्या या दोषाने सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतिहासाला एक वळण दिले, ते येथे नमूद करण्यासारखे आहे. १८८१ च्या सुमारास बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरीत असत. उन्हाळ्यात ते वितळे. काही जिवाणू तर त्याचे पचन करून त्याला पातळ करीत. तेथे काम करणारे वाल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी जिलेटिनऐवजी अगार वापरण्याचे सुचविले. फळांच्या जेलीत अगार घालण्याची युक्ती त्यांना जावा बेटावर राहून आलेल्या एका परिचितांकडून समजली होती आणि त्यांच्या स्वयंपाकघरात ती नित्याची होती. आज जगातील प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अगार आहे. स्वयंपाकघरातून विज्ञानाकडे गेलेल्या ज्ञानाचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

अगार सागरी शैवालापासून मिळते. भारतात तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात, रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, स्त्रिया पाण्यात बुडी मारून अगारयुक्त शैवाल गोळा करतात. आपल्याकडे दुकानात ते ‘चायना ग्रास’ या नावाने, पट्ट्यांच्या किंवा भुकटीच्या रूपात मिळते. ते पूर्ण विरघळण्यासाठी पाणी उकळावे लागते. थंड होताना मात्र ते ४० अंशांच्या आतबाहेर थिजते आणि एकदा थिजल्यावर ८५ अंशांच्या आसपास तापविल्याशिवाय वितळत नाही. म्हणजे नागपूरच्या उन्हातही त्याचा आकार टिकतो. शिवाय ते शाकाहारी असून साखरेवाचून थिजते. कमी साखरेच्या घरगुती गमीसाठी भारतीय हवामानात अगारच सर्वाधिक सोयीचे ठरते.

पेक्टिन फळांतच असते. पेरू, आवळा, कवठ यांत ते विपुल आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये त्याला हे नाव दिले. ‘फळातलेच पेक्टिन, म्हणजे सर्वांत आरोग्यदायी’ असा समज स्वाभाविक आहे. परंतु फळांतील नेहमीचे पेक्टिन घट्ट थिजण्यासाठी पुरेसे आम्ल आणि सुमारे ६० टक्के साखर लागते. गोव्यात नाताळच्या फराळात असणारी ‘पेराद’ ही पेरूची वडी याच तत्त्वावर होते. गर आणि जवळपास त्याच्याइतकीच साखर कढई सोडेपर्यंत आटविली जाते. पेराद टिकते, कापली जाते, चवीला उत्तमही लागते. फक्त तिला कमी साखरेचा खाऊ म्हणता येत नाही. कॅल्शियमच्या साहाय्याने, कमी साखरेत थिजणारे वेगळ्या प्रकारचे पेक्टिन औद्योगिक वापरात आहे. ते मिळाल्यास वापरण्यास हरकत नाही.

‘जिलेटिनमुळे गमीतून प्रथिने मिळतात’ असाही दावा आढळतो. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसते. पॅरिसमध्ये गरिबांना व रुग्णालयांतील रोग्यांना जिलेटिनचे सूप पुरवावे काय, याची चौकशी करणाऱ्या माजांदी यांच्या समितीने १८४१ मध्येच या पदार्थाच्या पोषणमूल्याविषयी प्रतिकूल मत दिले होते. वाटीभर वरण गमीपेक्षा केव्हाही सरस.

पेरूची गमी : कृती व तिची कारणे

साहित्य असे : पिकलेल्या पेरूचा चाळणीतून गाळलेला, बिया काढलेला गर २०० ग्रॅम, पाणी १५० मिलिलीटर, अगारची भुकटी ५ ते ६ ग्रॅम (सुमारे दोन चहाचे चमचे), साखर ३० ग्रॅम आणि एक चमचा लिंबाचा रस.

भुकटी गार पाण्यात दहा मिनिटे भिजवावी. मग साखर घालून, सतत ढवळत, दोन ते तीन मिनिटे चांगली उकळावी. मिश्रण स्वच्छ व एकसारखे दिसले पाहिजे. कण राहिले तर वडी नीट थिजत नाही. गर या वेळी भांड्यात घालू नये. त्याचे भांडे गरम पाण्यात ठेवून तो फक्त कोमट करावा. आच बंद केल्यावर अगारचे द्रावण दोन मिनिटे निवू द्यावे आणि मग त्यात कोमट गर व लिंबाचा रस झपाट्याने मिसळून तूप लावलेल्या ताटात ओतावे. अर्ध्या तासात वडी थिजते.

गर वेगळा ठेवण्याचे कारण दुहेरी आहे. पेरूत दर शंभर ग्रॅमला सुमारे २०० मिलिग्रॅम, म्हणजे संत्र्याच्या जवळपास चौपट, क जीवनसत्त्व असते आणि उकळल्याने त्याचा ऱ्हास होतो. दुसरे असे, की आम्लात उकळल्यास अगारच्या लांब साखळ्या तुटतात आणि वडी ढिली पडते. कोकमाचे आगळ किंवा आवळ्याचा रस वापरताना ही दक्षता अधिकच घ्यावी लागते. गर अगदी थंड असेल, तर अगार त्याला लागताक्षणी थिजून गुठळ्या होतात. बहुतेक फसलेल्या वड्यांचे कारण एवढेच असते.

या प्रमाणात साधारण ३७० ग्रॅम वडी होते. तिच्या दहा-दहा ग्रॅमच्या फोडी केल्यास प्रत्येक फोडीत घातलेली साखर एक ग्रॅमहूनही कमी येते. बाजारातील ५० ग्रॅम गमीतून सुमारे २५ ग्रॅम साखर पोटात जाते, तर या वडीच्या तेवढ्याच वजनातून घातलेली साखर ४ ग्रॅम. फळाचा रस न घेता गर घेतल्याने तंतुमय भागही बराचसा राहतो.

जिलेटिन वापरणाऱ्यांनी तेवढ्याच मिश्रणाला ३५ ते ४० ग्रॅम जिलेटिन घ्यावे. ते गार पाण्यात फुलवून मंद आचेवर विरघळवावे, उकळू नये. कच्चे अननस, पपई, किवी वा अंजीर त्यात घालू नये. या फळांतील प्रथिने तोडणारी विकरे जिलेटिनला थिजूच देत नाहीत. फळ आधी काही मिनिटे उकळल्यास विकरे निष्प्रभ होतात. अगार प्रथिन नसल्याने त्याला या विकरांची बाधा नाही. गृहविज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी कच्चे अननस, शिजविलेले अननस आणि अगार अशा तीन वाट्यांचा हा प्रयोग अल्प खर्चात होण्यासारखा आहे.

रंगांविषयी

साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाचा मुलांच्या अतिचंचलतेशी संबंध दिसून आला. परिणाम मोठा नव्हता. तरीही युरोपीय संघाने २०१० पासून सहा रंगांच्या बाबतीत वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक केले. घरी हा प्रश्न उद्भवतच नाही. लाल गराचा पेरू, कोकम, करवंद, आंबा यांचा रंग पुरेसा आकर्षक असतो.

देण्याची वेळ व दक्षता

चिकट गोड पदार्थ दातांच्या खाचांत रेंगाळतात आणि तोंडातील जिवाणू त्यांच्यापासून आम्ल तयार करतात. दिवसभर एकेक गोळी चघळणे दातांना सर्वाधिक घातक. म्हणून दोन-चार फोडी जेवणानंतर लगेच द्याव्यात आणि वर पाणी प्यावयास लावावे. एक वर्षाखालील बालकाला मध घातलेला कोणताही पदार्थ देऊ नये. त्यातून क्वचित प्रसंगी अर्भकांना होणारा बॉट्युलिझम हा गंभीर आजार उद्भवू शकतो.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या कुटून किंवा लोहाचे टॉनिक ओतून गमी ‘पौष्टिक’ करण्याचा मोह टाळला पाहिजे. मात्रा प्रत्येक फोडीत सारखी पडत नाही आणि मूल औषधाला खाऊ समजू लागते. लोहाची अतिमात्रा लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते.

सर्वांत मोठा धोका मात्र घशात अडकण्याचा आहे. कोंजॅक या कंदापासून केलेल्या, छोट्या कपांतील जेलीमुळे मुले गुदमरून दगावल्याच्या घटनांनंतर युरोपीय आयोगाने २००२ मध्ये तिच्या विक्रीस स्थगिती दिली. ती जेली तोंडात वितळत नाही आणि सहज तुटतही नाही. अगारची वडी ठिसूळ असल्याने तुलनेने बरी. पण तीही तोंडात वितळत नसल्याने ती गोल साच्यात करू नये. तिचे पातळ, चपटे व लांबट काप करावेत. चार वर्षांखालील मुलांना चिवट गमी मुळीच देऊ नये. त्यांना हा काप द्यावयाचा झाल्यास चमच्याने कुस्करून, बसवून आणि समोर थांबून द्यावा.