विजय तांबे : एका बेपत्ता वैमानिकाच्या शोधाचा मागोवा

नाशिकच्या वाचकाला ओझरच्या कारखान्यामुळे मिग-२१ चा परिचय आहे. १९७१ च्या युद्धात त्याच्या जोडीने लढलेले सुखोई-७ मात्र थेट सोव्हिएत संघातून आलेले आणि वेगळ्या कामाचे विमान होते, म्हणजे शत्रूच्या विमानतळांवर व रणगाड्यांवर कमी उंचीवरून बॉम्ब आणि रॉकेटे टाकणारे, एकट्या वैमानिकाने चालवायचे लढाऊ-बॉम्बफेकी विमान. बत्तिसाव्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे विमान घेऊन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पश्चिम पाकिस्तानातील शोरकोट विमानतळावरील हल्ल्यासाठी गेले आणि परतले नाहीत.

त्यांच्या मृत्यूचा पुरावा शोधू जाता हाती लागते ती उलट बातमी. त्याच दिवसांत ढाक्याच्या 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर'ने पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याचे छापले आणि त्यांतील एकाचे नाव 'टॉम्बे' असे दिले. पुढच्या काळातील ऐकीव साक्षींपेक्षा या बातमीचे वजन अधिक मानले पाहिजे, कारण ती शत्रुपक्षाच्या वृत्तपत्रात, युद्ध चालू असतानाच आली होती. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पकडलेल्या सैनिकाची माहिती आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे पोहोचवणे बंधनकारक असते. तरीही १९७२ च्या अखेरीस सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी मायदेशी आले, त्यांत तांबे नव्हते.

त्यानंतर शोधाचा भार मुख्यतः कुटुंबीयांनी वाहिला, आणि ही गोष्ट मनाला लागून राहते. अर्जुन पुरस्कारप्राप्त बॅडमिंटनपटू दमयंती तांबे यांच्या विवाहाला युद्धाच्या वेळी दोन वर्षेही झाली नव्हती. पतीचा ठावठिकाणा लावण्यासाठी त्यांनी दशकानुदशके पाठपुरावा केला. १९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे मानल्या गेलेल्या सैनिकांची यादी मांडली, त्यात तांबे यांचे नाव होते. ही यादी पुढे चौपन्न जणांपर्यंत गेली. १९८३ मध्ये काही कुटुंबीयांना मुलतानच्या तुरुंगात, तर २००७ मध्ये चौदा नातेवाइकांना पाकिस्तानातील अनेक तुरुंगांत नेण्यात आले, पण आपल्याकडे १९७१ चा एकही युद्धकैदी नाही, ही पाकिस्तानची भूमिका कायम राहिली.

सात वर्षे ज्याची खबर नाही त्यास मृत मानता येते, असे भारतीय पुरावा कायदा सांगत असे. तो तर्क आहे, शोध नव्हे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चौपन्न जण हयात आहेत काय, असे विचारले, तेव्हा ते ठाऊक नाही, पाकिस्तान नाकारत असल्याने ते मृत असावेत असे आपण धरून चालतो, असे उत्तर केंद्र सरकारच्या वतीने देण्यात आले.