व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरचा ट्रान्सफॉर्मर, बारामतीच्या लाइनवर

घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरमधला सर्वांत जड आणि सर्वांत शेवटी आठवणारा भाग म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर. हा कॉम्प्रेसर हवेचा नव्हे, आवाजाचा. गायक माइकजवळ आला की फुगणारा आणि मागे सरकला की बसणारा आवाज तो आपोआप सावरतो. फेअरचाइल्ड 670 हे या जातीतले सर्वांत गाजलेले यंत्र. त्यात 20 व्हॉल्व्ह आहेत, त्यामुळे हौशी माणसाने त्याच्या वाटेला न गेलेले बरे. घरी बांधायला सोयीचे म्हणजे कॅलिफोर्नियाच्या टेलिट्रॉनिक्स कंपनीचे, 1960च्या दशकातले एलए-2ए. त्यात चारच व्हॉल्व्ह आहेत. आवाज वाढला की एक प्रकाशपट्टी उजळते, तो उजेड प्रकाशाने बदलणाऱ्या रेझिस्टरवर पडतो आणि आवाज खाली येतो.

ट्रान्सफॉर्मरचा हिशेब फिलामेंटपासून सुरू होतो. दोन 12एएक्स7, एक 12बीएच7 आणि एक 6एक्यू5 यांना 6.3 व्होल्टवर मिळून 1.65 अँपिअर लागतात, म्हणजे साधारण 10 वॅट. हाय टेन्शनला, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटना लागणाऱ्या उच्च व्होल्टेजला, 30 मिलिअँपिअर डीसी धरला, तर ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटरमुळे वाइंडिंगमधून प्रत्यक्षात त्याच्या पावणेदोन-दोन पट एसी करंट वाहतो. 250 व्होल्टच्या वाइंडिंगवर हे 13-15 व्हीए होतात. एकूण बेरीज 24च्या आसपास येते. तरीही 50 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर करावा, कारण बंद डब्यात, गरम व्हॉल्व्हच्या शेजारी त्याला तासन्‌तास बसायचे असते.

अमेरिकेतून तयार ट्रान्सफॉर्मर मागवण्याचा मोह टाळावा. 60 हर्ट्‌झसाठी बेताने बांधलेल्या कोअरमध्ये आपल्या 50 हर्ट्‌झवर चुंबकीय फ्लक्स 20 टक्क्यांनी वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. त्यापेक्षा गावातच गुंडाळून घेतलेला बरा. नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीत आणि उजनीच्या फुगवट्याच्या काठी मोटारी जळतच असतात. त्यामुळे तांब्याची तार, लेदरॉइड कागद आणि व्हार्निश इथल्या रिवाइंडिंगवाल्यांच्या रोजच्या हाताखालचे. मात्र मोटार भरणारा प्रत्येक हात ट्रान्सफॉर्मरही भरतोच असे नाही, म्हणून आधी विचारावे.

कारागिराशी बोलताना एकच आकडा धरून बसावा: व्होल्टला किती वेढे. 50 हर्ट्‌झवर आणि 1 टेस्ला फ्लक्सवर 45ला कोअरच्या चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाने भागले की तो मिळतो. 8 चौरस सेंटिमीटर कोअरला व्होल्टमागे 5.6 वेढे येतात, म्हणजे 230 व्होल्टच्या प्रायमरीला सुमारे 1,290. तांबे वाचवायला 4 वेढ्यांवर भागवले तर फ्लक्स 1.4 टेस्लावर जातो. लाइन 260वर चढली की तो 1.6च्या घरात पोचतो, कोअरच्या पत्त्या संपृक्त होऊ लागतात आणि ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. साध्या अँप्लिफायरमध्ये हे एक वेळ खपेल. इथे शेजारीच आवाजाचा इनपुट ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो आणि तो ही गुरगुर उचलतो.

प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक थर मागून घ्यावा आणि त्याची तार चेसिसला जोडावी. पंपाच्या स्टार्टरचे कडकड आवाज तो बऱ्याच प्रमाणात अडवतो. काम नाजूक आहे. पत्र्याची टोके एकमेकांवर येतात, पण त्यांच्यामध्ये कागद हवाच. ती चिकटली तर एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर लोड न लावताच जळतो.

खरी डोकेदुखी लाइनची. एकाच डीपीवरच्या, म्हणजे एकाच वितरण ट्रान्सफॉर्मरवरच्या, मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली बसते, त्या बंद झाल्या की वर जाते. 6.3 व्होल्टच्या फिलामेंटला 10 टक्के इकडेतिकडे चालते. लाइन 190वर आली की तिथे 5.2च उरतात, 260वर 7.1 होतात. एकात व्हॉल्व्ह मरगळतो, दुसऱ्यात त्याचे आयुष्य घटते. कॉम्प्रेसरला याचा जाच जास्त, कारण प्रकाशपट्टी चालवणाऱ्या 6एक्यू5ची ताकद हाय टेन्शनवर अवलंबून असते. सकाळी बांधलेली पातळी रात्री त्याच जागी सापडत नाही. प्रायमरीला 200, 230 आणि 250चे टॅप काढून अर्धेच काम होते, कारण ते दर तासाला कोण बदलणार? म्हणून हाय टेन्शन रेग्युलेटरने स्थिर करावे आणि त्याला पुरेल इतके जास्तीचे व्होल्टेज सेकंडरीत ठेवावे. पण तेही बेताने. 250 व्होल्टची सेकंडरी 260च्या लाइनवर, व्हॉल्व्ह तापण्याआधी, कपॅसिटरवर 400च्या वर जाते. 450 व्होल्टचा कपॅसिटर तिथे कसाबसा पुरतो.

चेसिसला भोके पाडण्याची घाई करू नये. इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडून चालू पॉवर ट्रान्सफॉर्मर टेबलावर फिरवला की गुंजन कुठे कमी होते ते कानाला कळते. बहुधा काटकोनात आणि जमेल तितक्या लांब. हे करताना पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या उघड्या टोकांवर टेप हवी.

प्रायमरीला 500 मिलिअँपिअरचा स्लो फ्यूज आणि कपॅसिटरला समांतर ब्लीडर रेझिस्टर न चुकता लावावा. शेतातल्या घरात तीन पिनांचे सॉकेट असते, पण त्यामागची अर्थिंग जमिनीपर्यंत पोचलेली आहे का हे वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय हा डबा लाइनला लावू नये.