सहा तासांतली बारा मिनिटे

दिवाळी तोंडावर आली, की घरोघरी साफसफाईला ऊत येतो. माळ्यावरची पिंपे खाली येतात, कपाटे भिंतीपासून सरकतात, जुन्या वह्यांची रद्दी होते आणि तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच लागते. पण प्रत्येकाच्या खिशात जो मोबाइल नावाचा माळा असतो, त्याच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. तेथे काय काय साठलेले असते! मुंजीतले मातृभोजन, सहलीतला धबधबा, बाळाचे पहिले पाऊल, आजोबांनी सांगितलेली गोष्ट. आणि त्यांच्याच शेजारी, चुकून बटण दाबले गेल्यामुळे घडलेले चपलांचे तीन मिनिटांचे दर्शन! हे सारे एकाच पंगतीला बसलेले असते, आणि म्हणूनच ते कोणी कधी पाहत नाही.

पूर्वी कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल घातला, की तो गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवावा लागे. बटण दाबण्यापूर्वी माणूस दहादा विचार करी. म्हणजे निवड आधीच होऊन जाई. आता चित्रण जवळजवळ फुकट झाले आहे आणि निवडीचे काम मागे राहिले आहे. जे चित्रित केले पण कधी निवडले नाही, ते घरात असून नसल्यासारखेच. हे निवडीचे काम, म्हणजेच संकलन, घरच्या साध्या संगणकावर कोणालाही करता येते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

सिनेमा जन्मला तेव्हा संकलन नव्हतेच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखविले गेले, ते एकेका मिनिटाच्या आतबाहेरचे. कॅमेरा एका जागी ठेवावयाचा आणि फिल्म संपेपर्यंत दांडा फिरवावयाचा, एवढाच कारभार. तुकडे जोडून गोष्ट सांगता येते, हे पुढे हळूहळू उमगले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा त्यांचे घर हाच कारखाना होता. सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करीत आणि वर मंडळींच्या जेवणाखाण्याचेही पाहत. तेव्हा हे यंत्राचे काम आहे, गृहिणीला कसे जमणार, असे निदान महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये! पुढे कित्येक दशके संकलक फिल्म कापून, चिकटवून काम करीत. ‘द इंग्लिश पेशंट’ या १९९६ च्या चित्रपटाच्या संकलनाबद्दल वॉल्टर मर्च यांना ऑस्कर मिळाले, तेव्हा संगणकावरच्या संकलनाला प्रतिष्ठा आली. आज ते सामर्थ्य आपल्या मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर येऊन बसले आहे.

एक उदाहरण घेऊ. आमच्या शेजारी, पुण्यात, एका आजींचे सहस्रचंद्रदर्शन झाले. सात मोबाइलांवर मिळून सहा तासांचे चित्रण जमले. त्यातून घरच्या सुनेने बारा मिनिटांची चित्रफीत केली. तिचे काम मी शेजारी बसून पाहिले, आणि त्यात मला जी शिस्त दिसली ती इथे मांडतो.

आधी गोळा करावे

पहिला नियम असा, की तुकडे मूळ रूपात मिळवावेत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेला व्हिडिओ वाटेत आकसतो आणि पुसट होतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविला, तर जसाच्या तसा येतो. त्याहून उत्तम म्हणजे केबलने थेट संगणकावर उतरवून घेणे. प्रत्येक मोबाइलसाठी वेगळा फोल्डर करावा आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. म्हणजे तुकडे आपोआप क्रमाने लागतात. मग साऱ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि त्यानंतरच कामाला हात घालावा.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संकलनाचे सॉफ्टवेअर मूळ चित्रणाला कात्री लावीत नाही. कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत दाखवावयाचा, याची ते फक्त नोंद ठेवते. त्यामुळे भीती नको. पण काम सुरू झाल्यावर मूळ तुकड्यांची नावे किंवा जागाही बदलू नयेत. बदलल्या, तर पत्ता बदललेल्या पाहुण्याप्रमाणे ते सॉफ्टवेअरला सापडत नाहीत.

सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. खरे म्हणजे तो सर्वांत शेवटचा आहे. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही पूर्णपणे मोफत आहेत. डाविंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती मिळते, मात्र तिला ताकदवान संगणक लागतो. संगणक अडखळू लागला, तर सॉफ्टवेअरला ‘प्रॉक्सी’ करावयास सांगावे. प्रॉक्सी म्हणजे मूळ चित्रणाची हलकी, कामचलाऊ नक्कल. काम नकलेवर होते आणि शेवटची प्रत मूळ चित्रणावरून निघते.

मग पाखडावे

दुसरी पायरी कंटाळवाणी आहे, आणि तीच खरी महत्त्वाची. सगळे चित्रण एकदा पाहावयाचे. सुनेने त्यासाठी चार संध्याकाळी घातल्या. कीबोर्डवर ‘एल’ दाबले की चित्र पुढे जाते, ‘जे’ने मागे, ‘के’ने थांबते, ‘आय’ने तुकड्याचा आरंभ आणि ‘ओ’ने शेवट ठरतो. बहुतेक सॉफ्टवेअरांत या कळा सारख्याच आहेत. त्या बोटांत बसल्या, की काम निम्म्याने हलके होते. शेजारी साधी वही ठेवावी आणि प्रत्येक तुकड्यापुढे ‘घ्यावा’, ‘पाहू’ किंवा ‘नको’ एवढेच लिहावे.

या पाखडण्यात एक तुकडा निघाला. मोबाइल ओट्यावर कोणीतरी उताणा ठेवलेला. चित्रात केवळ छताचा पंखा. नुसते चित्र पाहणाऱ्याने तो क्षणात पुसून टाकला असता. पण सुनेच्या कानांत हेडफोन होता. पंख्याखाली आजी नातीला १९६१ च्या पानशेतच्या पुराची हकिकत सांगत होत्या. पाणी उतरल्यावर घरात पाऊल टाकले तेव्हा देव्हाऱ्यात गुडघाभर चिखल होता, आणि त्यात सासूबाई आधी दिवा शोधीत होत्या, असे काहीसे. चाळीसच सेकंद, पण ही हकिकत आजींच्या तोंडून घरात कोणीच कधी ऐकलेली नव्हती. पाहिल्यावाचून काहीही पुसू नये, हा नियम मी त्या दिवशी शिकलो.

क्रम आणि कात्री

निवडलेले तुकडे आता टाइमलाइनवर, म्हणजे पडद्याखालच्या पट्टीवर, एकापुढे एक ठेवावेत. ही झाली कच्ची जुळणी. ती पाऊण तासाची झाली तरी घाबरू नये. निबंधाचा खर्डा लांबच असतो. मग प्रत्येक तुकड्याला विचारावे, ‘तू नसलास तर काय बिघडेल?’ उत्तर आले नाही, तर त्याला निरोप द्यावा. ओवाळणाऱ्या एक्याऐंशी दिव्यांचे ताट एकदा डोळे भरून दाखवावे. सात मोबाइलांनी टिपले म्हणून सात वेळा दाखवू नये.

क्रमात मोठी जादू आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी आणि एकदा एका स्त्रीच्या चित्राशेजारी जोडला. पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली, असे सांगतात. याचा अर्थ उघड आहे. आजींचे हसू नातवाच्या बोबड्या भाषणानंतर ठेवले तर ते कौतुक होते आणि एखाद्या मामांच्या लांबलेल्या भाषणानंतर ठेवले तर तीच थट्टा होते! संकलकाच्या हातात असे अर्थ घडविण्याची सत्ता असते, म्हणून त्याच्यापाशी सचोटीही हवी.

मूकदृश्य साधारण चार-पाच सेकंद पुरे होते. मात्र माणूस बोलत असेल, तर वाक्य पुरे होऊ द्यावे. बोलणे संपल्यावर जो क्षणभराचा अबोला असतो, तोही ठेवावा. कित्येकदा खरे बोलणे त्यातच असते. हालचाल चालू असताना कापले, तर जोड डोळ्यांना खुपत नाही. एक दृश्य विरघळून दुसरे उमटण्याची युक्ती काळ लोटल्याचे दाखविण्यासाठी राखून ठेवावी. वाक्यावाक्याला उद्गारचिन्ह देणाऱ्या विद्यार्थ्याचे लेखन जसे वाटते, तशी नाना करामतींनी भरलेली चित्रफीत वाटते.

कानांचाही मान ठेवावा

घरगुती चित्रफिती फसतात त्या बहुधा आवाजात. प्रेक्षक अंधुक चित्र सोसतो. न कळणारे बोलणे सोसत नाही. म्हणून हेडफोन लावूनच काम करावे. बोलणे चालू असता संगीत पार खाली न्यावे, आणि सनईची एकच धून बारा मिनिटे वाजवू नये. मोबाइलच्या चित्रणाचा वेग पुष्कळदा कमीजास्त होत राहतो. त्यामुळे लांब तुकड्यात ओठ आणि शब्द यांची फारकत होते. असे झाल्यास हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून तो तुकडा स्थिर वेगाचा करून घ्यावा.

चित्र आणि आवाज यांनी एकाच वेळी बदलले पाहिजे, असा कायदा नाही. पुढच्या माणसाचा आवाज आधी ऐकू यावा आणि मग तो दिसावा, यात मोठी गोडी असते. पानशेतची ती चाळीस सेकंदे सुनेने अशीच वापरली. पंखा तिने दाखविलाच नाही. आजींचा आवाज चालू ठेवून चित्रात त्यांचे हात, देव्हारा आणि ऐकणाऱ्या मंडळींचे चेहरे घेतले. ‘‘सर, हे चेहरे ती गोष्ट ऐकत नव्हते, मग हे खोटे होईल का?’’ तिने मला विचारले. प्रश्न मार्मिक होता. विचारांती तिने ते चेहरे काढले आणि हात व देव्हाराच ठेवला. चित्रफीत अधिकच चांगली झाली.

शेवटचा हात

मराठी शीर्षके देताना जोडाक्षरे तपासावीत. काही सॉफ्टवेअरांत ती फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. युनिकोड फाँट वापरावा आणि नावे घरातल्या मोठ्यांकडून वाचून घ्यावीत. मग वहीत सर्व आप्तांची यादी करून प्रत्येक जण निदान एकदा दिसतो की नाही, हे पाहावे. कलेच्या दृष्टीने ही सूचना सामान्य आहे. घराच्या दृष्टीने ती अमोल आहे! एखाद्या आत्याबाई राहून गेल्या, तर ती चूक ‘तांत्रिक’ होती, हे त्यांना कोणीही पटवू शकणार नाही.

शेवटची प्रत एमपी-४ प्रकारात, १९२० बाय १०८० या आकारात काढावी. सेकंदाला १० मेगाबिट हा हिशेब धरला, तर बारा मिनिटांची फाइल सुमारे ९०० मेगाबाइटची होते. पाठविण्यापूर्वी ती दूरदर्शन संचावर एकदा पुरी पाहावी.

आणि ती जपावी. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. लोकांनी तिकिटांसाठी गर्दी केली. आज त्याची एकही प्रत ज्ञात नाही. ज्याला राष्ट्राने डोक्यावर घेतले त्याची ही गत, तर आपल्या मोबाइलची काय कथा! म्हणून तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या घरी असावी. वर्षातून एकदा त्या चालवून पाहाव्यात. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पाहण्याचा नेम ठेवला, तर विसर पडणार नाही.

या सुट्टीत फार मोठे काही हाती घेऊ नये. एकच प्रसंग निवडावा, त्याची पाच मिनिटांची चित्रफीत करावी, आणि भाऊबीजेला सगळे जमले असता लावावी. घरातले वडीलधारे ती पाहता पाहता काहीतरी बोलू लागतील. तेवढे मात्र कोणीतरी शांतपणे टिपून ठेवावे.